गावाचे ऋण

मनुष्य शिक्षणासाठी गाव सोडून जातो, तेव्हा गावाचे काही ऋण त्याच्या माथी उरते काय? उरत असेल, तर ते कशाने फिटते? गावी परत येण्याने, पैसे पाठविण्याने, की आणखी कशाने? वरवर पाहता हा प्रश्न घरगुती वाटेल. परंतु ज्या घरातील मूल परदेशी शिकत आहे, त्या घरात तो रोज रात्री जेवणाच्या पंगतीला येऊन बसतो. आमच्या घरीही तो असाच येऊन बसला, आणि त्याचा विचार करता करता आम्हांला आयर्लंडमधील एका लहानशा मैदानापर्यंत जावे लागले. तेथे जे पाहिले आणि त्यातून आमच्याच एका जुन्या वर्तनाविषयी जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर शहापूरचे आणि सौ.चे माहेर मुरबाडचे. शहापूर तालुक्याच्या हद्दीत तानसा आणि भातसा हे जलाशय आहेत. तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. पाणी जसे मुंबईला जाते, तशी शिकलेली मुलेही जातात. पहाटेची गाडी आसनगावला धरायची, कल्याण किंवा ठाण्याला कॉलेज करायचे आणि पुढे नोकरी लागली की तिकडेच खोली पाहायची, हा क्रम आता अंगवळणी पडला आहे. मुरबाडला तर रेल्वेही नाही. तेथील मुलाचा दिवस एस.टी.च्या वेळापत्रकावर चालतो. तेव्हा मुले जाणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. फक्त आमचे चिरंजीव कल्याणला न थांबता २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात थेट आयर्लंडला गेले. त्यासाठी बँकेचे कर्ज काढावे लागले आणि जमिनीचा एक तुकडा तारण ठेवावा लागला.

निघण्यापूर्वी तो मुरबाडला मामांच्या पाया पडायला गेला. कबड्डी त्याला मामांनीच शिकविली होती. मामा फार शिकलेले नाहीत, पण त्यांचे बोलणे नेमके असते. ते म्हणाले, "भाच्या, चढाईला जातो आहेस, जा. पण गडी कितीही जणांना शिवून आला, तरी मध्यरेषेला परत टेकला नाही तर गुण मिळत नाही, एवढे लक्षात ठेव." मुलगा हसला. सौ.च्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसले. ऋण परत येण्यानेच फिटते, हे मामांचे मत. आमचेही तेव्हा बहुधा तेच मत होते.

मुलाने प्रवेश घेतला तो मेनूथ येथील विद्यापीठात. डब्लिनच्या पश्चिमेस किल्डेअर परगण्यात हे गाव आहे. १७९५ साली तेथे धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी सेंट पॅट्रिक्स कॉलेज स्थापन झाले. आयर्लंडमधील धर्मग्रामांना पिढ्यानपिढ्या धर्मगुरू पुरविणारी ही संस्था. पुढे तिच्याच अंगणात सर्वसामान्य विद्यार्थ्यांचे शिक्षण वाढले आणि १९९७ साली त्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. हे ऐकून आमच्या शेजारच्या आजी निर्धास्त झाल्या. पोर सेमिनरीच्या आवारात आहे, म्हणजे चांगल्या हाती आहे, अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात पोर राहत होते ते भाड्याच्या घरात, आणखी चौघांसह. स्वयंपाकघर एकच, शीतकपाटात प्रत्येकाचा एक कप्पा आणि भाडे मात्र आमच्या छातीत धडकी भरविणारे. सत्र चालू असताना परदेशी विद्यार्थ्याला तेथे आठवड्याला २० तास काम करता येते. आमचा मुलगा एका दुकानात संध्याकाळी फळ्यांवर माल लावण्याचे काम करी. डिसेंबरात चार वाजल्यानंतर अंधारू लागे. पहिल्या हिवाळ्यात तो दूरध्वनीवर म्हणाला, "बोलायला माणसे पुष्कळ आहेत, आई, पण जेवलास का म्हणून विचारणारे कोणी नाही." त्या रात्री घरी कोणाला धड जेवण गेले नाही.

या एकटेपणातून त्याला बाहेर काढले ते खेळाने. घरातील एक आयरिश विद्यार्थी त्याला एका संध्याकाळी मैदानावर घेऊन गेला. त्या देशात दोन खेळ जिवाभावाचे आहेत. एक हर्लिंग. ॲश झाडाच्या लाकडाची, टोकाला रुंद अशी काठी घेऊन पंधरा-पंधरा गडी एका लहान, कठीण चेंडूमागे धावतात. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ गुण; दांडीवरून गेला तर १ गुण. आपल्या विटीदांडूला घोड्यावर बसविले तर जे होईल, तसा त्याचा वेग. २०१० पासून शिरस्त्राण सक्तीचे झाले, ते उगाच नव्हे. दुसरा खेळ गेलिक फुटबॉल. त्यात चेंडू हातानेही खेळता येतो. कबड्डीत पाय आणि दम तयार झालेल्या आमच्या मुलाला हा दुसरा खेळ जमला. जमला म्हणजे काय, तर जवळच्या एका धर्मग्रामाच्या क्लबात सर्वांत खालच्या संघात राखीव गडी म्हणून त्याचे नाव लागले.

येथे 'धर्मग्रामाचा क्लब' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातील थर्ल्स या गावी एका हॉटेलात मोजकी माणसे जमली आणि मायकेल क्यूसॅक या शिक्षकाच्या पुढाकाराने गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था जन्माला आली. कॅशलचे महागुरू थॉमस क्रोक हे तिचे आश्रयदाते झाले. डब्लिनमधील ८२,३०० प्रेक्षकांचे भव्य क्रीडांगण आजही त्यांच्याच नावाने क्रोक पार्क म्हणून ओळखले जाते. परसत्तेखालील देशाला आपली भाषा, आपले खेळ आणि आपला स्वाभिमान परत मिळावा, हा या संस्थेचा हेतू होता. तिची बांधणी झाली ती बहुतांशी धर्मग्रामाच्या पायावर. ज्या चर्चच्या घंटेखाली तुम्ही वाढलात, त्या गावाचा संघ तुमचा. धर्मग्रामांचे क्लब, त्यांतून परगण्याचा संघ, आणि ३२ परगण्यांतील स्पर्धेचा कळस म्हणजे क्रोक पार्कवरील अंतिम सामना.

आणि या सर्वांत मोलाची गोष्ट ही, की येथे खेळाडूला पगार नाही. ८२ हजार माणसांसमोर रविवारी अंतिम सामना गाजविणारा गडी काही दिवसांत शाळेत शिकवायला, शेतावर किंवा विजेची कामे करायला परत जातो. प्रवासखर्च मिळतो, इतर सोयी मिळतात, परंतु खेळण्याचे वेतन नाही. क्लबाचा खेळाडू दुसऱ्या क्लबाला विकता येत नाही. विद्यार्थीही याच परंपरेत वाढतात. विद्यापीठांतील फुटबॉलचा सिगर्सन चषक १९११ सालापासूनचा, आणि हर्लिंगचा फिट्झगिबन चषक ज्यांनी दिला ते फादर एडविन फिट्झगिबन हे कॅपुचिन धर्मगुरू होते.

२०२५ च्या जुलै महिन्यात आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी मुलाकडे गेलो. त्याच्या प्रबंधाचे काम चालू होते. प्रेक्षणीय स्थळांपेक्षा आमच्या लक्षात राहिल्या त्या क्लबाच्या मैदानावरील संध्याकाळी. तेथे रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो. सात-आठ वर्षांची मुले-मुली एका कोपऱ्यात, मोठे दुसऱ्या कोपऱ्यात. शिकविणारा गृहस्थ दिवसा वीजतंत्री. गवत कापणारे आजोबा निवृत्त पोस्टमन. चहाची किटली सांभाळणाऱ्या बाईंचे तिन्ही मुलगे कधीचेच ऑस्ट्रेलियात गेले होते, तरी त्या दर मंगळवारी हजर. आमचा मुलगा सामन्यात फार तर शेवटची दहा मिनिटे खेळे. पण जाळी लावणे, रेषा आखणे, जर्सी मोजून पिशवीत भरणे, ही कामे तो न सांगता करी. घरी पाण्याचा पेला उचलून न ठेवणारा हा मुलगा, सौ. पाहतच राहिल्या.

तेथेच आमच्या मूळ प्रश्नाला नवे टोक फुटले. संस्थेच्या नियमावलीप्रमाणे खेळाडूने ज्या क्लबातर्फे प्रथम अधिकृतपणे भाग घेतला, तो त्याचा 'घरचा क्लब'. तो कोठेही राहिला, तरी त्याची निष्ठा त्या क्लबाशी आहे असे धरले जाते. मुलाने कौतुकाने हे सांगितले आणि सौ.चा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "म्हणजे कागदावर तू आता यांचा झालास?" मुलगा म्हणाला, "आई, कागदावर तर मी बँकेचाही आहे." आम्ही हसलो खरे, पण रात्री दोघांनाही झोप लागली नाही. ज्या गावाने त्याला वाढविले ते एक, आणि ज्याची जर्सी तो विनावेतन अंगावर घालतो ते दुसरे. मग ऋण कोणत्या गावाचे?

या ठिकाणी थोडा तात्त्विक विचार करणे भाग आहे. संत थॉमस अक्विनास यांनी आईबाप आणि मायभूमी यांच्याविषयीच्या कर्तव्याला एक स्वतंत्र सद्‌गुण मानले आहे. त्यांच्या मते, देवाखालोखाल आपण ऋणी आहोत ते या दोघांचे, कारण आपले असणे आणि आपले घडणे त्यांच्यामुळे आहे. हा सद्‌गुण न्यायाचा आप्त असला तरी न्यायाहून वेगळा. कारण न्यायात घेतले तेवढे परत देता येते, येथे तसे देता येत नाही. आईच्या दुधाची किंमत कोणी ठरवावी? आपल्याकडील जुन्या परंपरेनेही हे ओळखले होते. कर्ज आणि ऋण हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. परंतु देवऋण, ऋषिऋण, पितृऋण असे म्हणताना कोणाच्या मनात व्याजाचा दर येत नाही. कर्जाला हिशेब असतो आणि शेवटचा हप्ता असतो. ऋणाला शेवटचा हप्ता नसतो.

ही दोन्ही एकच समजली, की दोन प्रकारचे अनर्थ घडतात. जाणारा मनुष्य म्हणतो, मी दरमहा पैसे पाठवितो, चर्चच्या सणाला देणगी देतो, माझे देणे फिटले. त्याने ऋणाचे कर्ज केले आणि पावती घेऊन तो मोकळा झाला. दुसरीकडे मागे राहिलेले गाव म्हणते, आम्ही तुला वाढविले, तेव्हा तू परत ये, नाहीतर तू कृतघ्न. म्हणजे गाव सावकार झाले! आमच्या ठाणे जिल्ह्याने सावकारी पुष्कळ भोगली आहे. प्रेमाच्या नावाने ती आपल्याच मुलांवर चालविण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. मामांच्या मध्यरेषेच्या दृष्टान्तात आम्हांला आता हीच अडचण दिसते. चढाई अर्ध्या मिनिटाची असते. आयुष्य तसे नसते.

मग ऋण फिटते कशाने? जुन्या परंपरेचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. ऋषिऋण अध्ययनाने फिटते आणि पितृऋण संततीने, असे ती सांगते. म्हणजे ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत देऊन नव्हे, तर घेतलेले पुढे चालवून. क्लबातील त्या चहावाल्या बाईंना आम्ही विचारले, तुमची मुले तर दूर गेली, मग तुम्ही कोणासाठी येता? त्यांनी मैदानाच्या कोपऱ्यातील चिमुरड्यांकडे बोट दाखविले आणि सांगितले, की त्यांचे मुलगे एवढे होते तेव्हाही कोणीतरी चहा करीतच होते.

पगारी खेळ वाईट, असे मात्र आम्हांला म्हणावयाचे नाही. बुवा साळवी यांच्यासारख्यांनी ज्या कबड्डीसाठी आयुष्य वेचले आणि ज्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो, त्या कबड्डीला २०१४ साली व्यावसायिक लीग मिळाली. खेळाडूंचे लिलाव झाले, आणि मातीत खेळणाऱ्या गरीब घरच्या मुलाला प्रथमच खेळावर घर चालविता आले. त्यात अन्याय कसला? कष्टाचे मोल मिळाले. पण लिलावात बोली लागते ती कौशल्यावर. त्या मुलाला लहानपणी ज्यांनी मैदान मोकळे ठेवले, त्यांच्यावर कोणी बोली लावीत नाही. पैशाने कौशल्याचे कर्ज फिटते, मैदानाचे ऋण उरतेच.

येथपर्यंत विचार सुखाचा होता. परंतु गावावरील प्रेमाला एक काळी बाजूही असते, आणि ती आम्हांला त्याच प्रवासात पाहावी लागली.

२० जुलै २०२५ रोजी, रविवारी, हर्लिंगचा अंतिम सामना होता, टिपररी विरुद्ध कॉर्क. क्लबाच्या सभागृहात दूरदर्शन संचापुढे सारे गाव जमले होते. मध्यंतरापर्यंत कॉर्क ६ गुणांनी पुढे. दुसऱ्या अर्धात टिपररीने असा काही खेळ केला, की कॉर्कला त्या संपूर्ण अर्धात केवळ २ गुण मिळाले. टिपररी ३ गोल २७ गुण, कॉर्क १ गोल १८ गुण. खेळाचे मर्म न कळताही आम्ही टाळ्या पिटल्या. कोणीतरी सौ.च्या हाती केकची बशी दिली. आपण परक्या देशात आहोत, हे त्या दुपारी आम्ही विसरलो होतो.

बातमी कळली ती पुढील दोन-तीन दिवसांत. आदल्याच दिवशी, १९ जुलै रोजी, डब्लिनच्या टाला या उपनगरात काही तरुणांनी एका भारतीय माणसावर खोटा आळ घेऊन त्याला रक्तबंबाळ होईपर्यंत मारले आणि त्याचे कपडे काढले. तो त्या देशात येऊन तीनच आठवडे झाले होते. आम्हीही तेथे तीन आठवड्यांसाठीच गेलो होतो. त्यानंतर इतर हल्ल्यांच्याही बातम्या आल्या. ऑगस्टच्या आरंभी भारतीय दूतावासाने आपल्या नागरिकांना सावधगिरीची सूचना दिली आणि डब्लिनमधील भारत दिनाचा सोहळा पुढे ढकलावा लागला. त्या देशाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी या हल्ल्यांचा निषेध केला, टाला येथे शेकडो माणसे निषेधासाठी रस्त्यावर आली, हेही सांगितले पाहिजे. तरी त्या आठवड्यात आमचा मुलगा सरावाला जाईना. संध्याकाळी बसमधून उतरून एकट्याने चालायचे, हा त्याच्या मनाचा प्रश्न होऊन बसला.

'आपले' म्हणून कवटाळताना 'परके' म्हणून ढकलणे फार जवळ असते. त्या क्रीडासंस्थेचा इतिहासही हेच सांगतो. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कवर सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला आणि १४ जणांचा बळी घेतला. त्यांत टिपररीचा खेळाडू मायकेल होगन होता. क्रोक पार्कवरील एक भव्य प्रेक्षागार आजही त्याच्या नावाने उभे आहे. अशा जखमेतून आलेले स्वत्वाचे प्रेम आपण समजू शकतो. पण याच संस्थेने आपल्या सभासदांना फुटबॉल, रग्बी, क्रिकेट हे 'परदेशी' खेळ खेळण्यास आणि पाहण्यासही वर्षानुवर्षे बंदी घातली होती. १९३८ साली देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एका फुटबॉल सामन्याला उपस्थित राहिले, म्हणून त्यांना संस्थेच्या आश्रयदातेपदावरून दूर करण्यात आले! ही बंदी उठायला १९७१ उजाडले. आणि २००७ साली त्याच क्रोक पार्कवर इंग्लंडचा रग्बी संघ सन्मानाने खेळून गेला. गाव आपल्या हद्दीची रेषा पुसून पुन्हा आखू शकते, याचा हा पुरावा. फिजीत जन्मलेला, आईकडून रोटुमा बेटाचा वारसा लाभलेला शॉन ओग ओ हालपीन २००५ साली कॉर्कचा कर्णधार म्हणून अखिल आयर्लंड विजेता ठरला. आपल्या मालवण तालुक्यातील वराड गावचे डॉ. अशोक वराडकर इंग्लंडमार्गे आयर्लंडला गेले. त्यांचा मुलगा लिओ २०१७ साली त्या देशाचा पंतप्रधान झाला आणि २०१९ च्या डिसेंबरात आजोबांचे गाव पाहायला वराडला आला. तो कोणत्या गावाचा? वराडचे लोक म्हणाले आमचा, डब्लिनचे म्हणाले आमचा. आणि दोघेही खरेच बोलत होते.

मंगळवारी संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. तो वीजतंत्री शिक्षक दारात उभा होता. त्याने भाषण केले नाही की क्षमा मागितली नाही. बातमीचा उल्लेखही केला नाही. एवढेच म्हणाला, की जाळी लावायला माणूस कमी आहे, गाडी बाहेर उभी आहे. मुलगा बूट घालून निघाला. पुढे आमचा मुक्काम संपेपर्यंत कोणी ना कोणी त्याला न्यायला आणि सोडायला येत असे.

त्या रात्री परत आल्यावर स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता मुलाने आम्हांला विचारले, "बाबा, तो भट्टीवरचा मुलगा आठवतो?"

आठवत होता. २०१० च्या सुमाराची गोष्ट. आमच्याकडे नाताळच्या सुटीत कबड्डीचे सामने होत आणि आम्ही समितीवर होतो. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर पोटासाठी आलेल्या एका आदिवासी कुटुंबातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आमच्या मुलांबरोबर रोज सराव करी. चढाईत त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. वाडीतील पोरांनी त्याचे नाव संघाच्या यादीत घातले. अर्जावर 'मूळ गाव' असा रकाना होता. तेथे त्याने प्रामाणिकपणे आपल्या दूरच्या पाड्याचे नाव लिहिले, आणि आम्ही लाल पेन्सिलीने ते नाव खोडले. नियम म्हणजे नियम, असे त्या मुलांना ऐकविले. तो मुलगा रेषेबाहेर उकिडवा बसून तिन्ही दिवस सामने पाहत होता. पावसाळ्यापूर्वी भट्टी बंद झाली, कुटुंब निघून गेले. पुढे तो कोठे गेला, आम्ही चौकशीही केली नाही. आणखी एक गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली नव्हती. आमच्या घराच्या मागील पडवीच्या विटा त्याच भट्टीच्या. कदाचित त्याच्याच आईबापांनी थापलेल्या.

नऊ वर्षांच्या मुलाने हे पाहिले होते आणि पंधरा वर्षे मनात ठेवले होते. त्याने आरोप केला नाही. फक्त म्हणाला, "मला येथे मूळ गाव कोणी विचारले नाही असे नाही, बाबा. विचारले. पण खोडले नाही."

प्रभू येशूला एका शास्त्र्याने विचारले होते, माझा शेजारी कोण? प्रभूने दाखला सांगितला आणि प्रश्नच उलटा फिरविला: जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? लहानपणापासून हा दाखला आम्ही शेकडो वेळा ऐकला. पण शेजारपण हे हद्दीने मिळत नाही, ते करण्याने मिळते, हा त्याचा अर्थ आम्हांला साठी उलटल्यावर एका परक्या स्वयंपाकघरात लागला. आमच्या मुरबाडकरांना तरी तो आधी कळायला हवा होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देशासाठी प्राण दिले. दोघेही माथेरान-कर्जतच्या बाजूची माणसे. पण दर वर्षी त्या दिवशी सिद्धगडावर जमणारा मुरबाडकर त्यांचे मूळ गाव विचारीत नाही. त्यांनी जेथे सर्वस्व दिले, ते त्यांचे गाव झाले. हुतात्म्याला आपण हा न्याय लावतो. मग भट्टीवरच्या पोराला का लावीत नाही?

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. ऋण पुढे देऊन फिटते असे म्हटले, म्हणजे जाणाऱ्यांची चांगलीच सोय झाली. जेथे सुख तेथे राहावे आणि आपण मानवजातीची सेवा करीत आहोत असे म्हणावे! मग शहापूरच्या शाळेत कोणी शिकवावे, मुरबाडच्या दवाखान्यात रात्रपाळी कोणी करावी, म्हाताऱ्या आईबापांना आधार कोणी द्यावा? आयर्लंडलाही हे दुःख ठाऊक आहे. १८४५ नंतरच्या महादुष्काळाने सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशांतराला गेली. पुढेही जाणे थांबले नाही. आज तेथील काही खेड्यांत पंधरा गडी जमत नाहीत, म्हणून शेजारच्या दोन क्लबांना मिळून एक संघ उभारावा लागतो. तेव्हा ऋण पुढे देणे याचा अर्थ मागचे विसरणे नव्हे. अक्विनास यांनी ज्या सद्‌गुणाविषयी लिहिले, त्यात मायबाप आहेत आणि माय-गावही आहे. त्यांच्या गरजेच्या वेळी पाठ फिरविणाऱ्याला कोणताही युक्तिवाद वाचवू शकत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की या कर्तव्याची मागणी करण्याचा अधिकार गावाला आपोआप मिळत नाही. ज्या गावाने आपल्या मैदानाची रेषा कोणासाठी तरी मोकळी ठेवली, त्यालाच 'परत ये' असे म्हणण्याचे तोंड असते.

परत आल्यावर आम्ही मुरबाडला जाऊन मामांना हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मध्यरेषेचे मी चुकीचे सांगितले नाही. पण गडी परत येईपर्यंत आपल्या अंगणात माणसे उरली पाहिजेत, हे सांगायचे राहिले."

मुलगा परत येईल की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही. शिक्षण संपल्यावर काही काळ तेथे राहून नोकरी शोधण्याची परवानगी मिळते, कर्ज फेडायचे आहे, पुढचे पुढे. आम्ही त्याला 'ये' असेही म्हटलेले नाही आणि 'राहा' असेही नाही. सौ.ना हे पटलेले नाही, आणि आईला ते पटावे अशी आमची अपेक्षाही नाही. मात्र यंदा समितीच्या बैठकीत आम्ही सामन्यांच्या अर्जावरील 'मूळ गाव' हा रकाना काढून टाकण्याची सूचना मांडली. दोघांनी कडाडून विरोध केला. बाहेरचे तयार खेळाडू आणून संघ भरतील, हे त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. शेवटी असे ठरले, की जो मुलगा गेले दोन महिने आपल्या मैदानावर सरावाला येत आहे, तो आपला. मग त्याचे घर पक्के असो वा भट्टीवरची झोपडी.

दिवाळी सरली, की भट्ट्या पेटू लागतील आणि माणसे येतील. त्यांच्या मुलांना सरावाला बोलवायला कोणी जायचे, असा प्रश्न बैठकीत निघाला, तेव्हा आम्ही आपले नाव दिले आहे.